इसेचं देवालय: ‘जीर्णोद्धार’ म्हणावं का?

प्रश्न: जपानमध्ये इसे इथल्या शिंतो देवस्थानाला, म्हणजे जिंगूला, जाऊन आलो. त्यावर लिहितोय. तिथली मुख्य देवालयं दर २० वर्षांनी नव्याने बांधतात. २०१३ साली ६२वी खेप झाली, पुढची २०३३ साली. याला ‘जीर्णोद्धार’ शब्द चालेल?

उत्तर: माझ्या मते नाही. जीर्णोद्धार म्हटला की आधी काहीतरी जीर्ण झालेलं हवं. इसेत तशी वाट बघतच नाहीत. लगतच दुसरी तेवढीच जागा राखलेली असते. तिथे हिनोकी लाकडाचं तसंच देवालय उभारतात, रात्रीच्या वेळी तिथल्या सूर्यदेवीला, आमातेरासूला, त्यात नेतात आणि मगच जुनं उतरवतात. जपानी शब्द ‘शिकिनेन सेंगू’. त्यातल्या ‘सेंगू’त भर आहे तो देवतेचा मुक्काम हलवण्यावर, दुरुस्तीवर नाही. परंपरा सांगते की पहिलं सेंगू इ. स. ६९० मध्ये झालं. पुढे यादवीच्या काळात शंभराहून जास्त वर्षं खंड पडला, तरी प्रथा पुन्हा उभी राहिली.

दुसरं उत्तर: सहमत. आपल्याकडे मूर्तीला वज्रलेप करायचा तर आधी ‘कलाकर्षण’ करून देवत्व कलशात आणतात, पण काम झाल्यावर देव परत त्याच जागी. म्हणून तोही शब्द पुरता बसत नाही. मी ‘देवतेचं स्थानांतर’ लिहीन. ‘पाडलं’ मात्र लिहू नका, ‘उतरवलं’ हेच योग्य. तिथलं लाकूड वाया जात नाही. मुख्य देवालयांचे आढ्याचे खांब देवस्थानात शिरतानाच्या उजी पुलाच्या दोन टोकांच्या तोरीसाठी, म्हणजे शिंतो प्रवेशकमानींसाठी, वापरतात आणि तिथे २० वर्षं काढल्यावर ते आणखी दुसरीकडच्या तोरीसाठी जातात. मला हे फार मोलाचं वाटतं, लेखात जरूर घ्या.

प्रश्नकर्ता: घेतो. आणि ‘दर्शन घेतलं’ म्हणू का? देवीचं प्रतीक असलेला आरसा कुणालाच दिसत नाही. पांढऱ्या पडद्यापुढे उभं राहून दोनदा वाकायचं, दोन टाळ्या वाजवायच्या, पुन्हा एकदा वाकायचं.

दुसरं उत्तर: खुशाल म्हणा. पंढरपुरात गर्दीमुळे आत जाता आलं नाही तर वारकरी कळसाचं दर्शन घेतो आणि त्याची वारी पुरी होते. मराठीत दर्शनाला मूर्ती दिसलीच पाहिजे अशी अट नाही. फक्त पडद्याचा उल्लेख त्याच वाक्यात करा, म्हणजे वाचक गाभाऱ्यातली मूर्ती कल्पणार नाही.