‘व्यावसायिक सूत्रसंचालिका’ म्हणावं का?

मीनल_ठाणे:
मंडळी, एक अडचण आहे. संगीत-हळदी, पुस्तक प्रकाशनं, कंपन्यांची स्नेहसंमेलनं असं सगळीकडे मी सूत्रसंचालन करते, पोटापाण्याचा उद्योगच तो. आता माहितीपत्रक मराठीत छापायचंय, त्यात ‘व्यावसायिक सूत्रसंचालिका’ लिहिलं तर काकांनी काट मारली, म्हणे किराणा दुकानदार पण व्यावसायिकच. मला म्हणायचंय की काम चोख करते, वेळेआधी पोचते, पाहुण्यांची नावं-हुद्दे आधी विचारून घेते, ऐनवेळी सत्काराच्या यादीत चार नावं वाढली तरी गडबडत नाही. याला शब्द काय?

आप्पा_सातारा:
काका बरोबर आहेत. ‘व्यावसायिकाला ऑनलाइन गंडा’ ही बातमी वाचून डोळ्यासमोर कोण येतं?

निनाद:
पण राज्य नाट्य स्पर्धा हौशींची वेगळी नि व्यावसायिकांची वेगळी असतेच की, तिथे कुणाला दुकानदार वाटत नाही. खरी शिवी ‘धंदेवाईक’. नाहीतर सरळ प्रोफेशनल अँकर लिहा, गिऱ्हाईक गूगलवर तेच शोधतं.

सुलभा_जोशी:
अँकर बोटीला असतो हो. निवेदिका लिहा, आकाशवाणीपासून चालत आलेला शब्द आहे. सवाई गंधर्वला आनंद देशमुख बोलतात ते निवेदन, कलाकाराचं घराणं, साथीला कोण, संपलं. उगाच शेरोशायरी नाही की ‘एक बार जोरदार टाळ्या’ नाही.

पाटील_बार्शी:
आमच्याकडे निवेदन तहसीलदारला देतात, पाणी आलं नाही की. आणि गावाकडच्या बातमीत शेवटची ओळ ठरलेली आहे, प्रास्ताविक अमुक यांनी, सूत्रसंचालन तमुक सरांनी केले, आभार ढमुक यांनी मानले. ‘निवेदन केले’ असं कधी वाचलं नाही.

आप्पा_सातारा:
सूत्रसंचालन हा पण ओढूनताणून केलेला शब्द, नाटकातला सूत्रधार होता तो काय वाईट होता.

निनाद:
आप्पा, ‘कटाचा मुख्य सूत्रधार फरार’ 😄 मीनलताईंना पत्रकावर तेवढंच घालायचं राहिलंय.

कुडाळकर:
सूत्रधार शब्द बाहुल्यांवरूनच आलाय, दोऱ्या ज्याच्या हातात तो. आमच्या पिंगुळीला ठाकर मंडळी कळसूत्री बाहुल्या नाचवतात ते येऊन बघा मग बोला, एकाच हाताला किती दोऱ्या गुंतलेल्या असतात ते, आणि खेळवणारा गातोय पण.

सुलभा_जोशी:
बाहुल्यांचं सगळ्यांना मान्य नाही बरं का. सूत्र म्हणजे मापाचा दोरा, ओळंबा धरून बांधकाम करणारा तो सूत्रधार, आपला ‘सुतार’ त्यातलाच. नाटकाचा मंडप उभारणारा पुढे नाटक सुरू करून द्यायला लागला असं म्हणतात.

कुडाळकर:
म्हणतात म्हणजे कोण? मंडप बांधणारा नांदी कशाला म्हणेल.

पाटील_बार्शी:
ते राहू द्या, पैशाला काय म्हणता ते सांगा ताई. कारण मानधन म्हटलं की आयोजक शाल, नारळ नि बंद पाकीट देतो, पाकिटात काय निघेल ते नशीब.

मीनल_ठाणे:
मी कोटेशनमध्ये ‘शुल्क’ लिहिते, निम्मं आगाऊ. मानधन लिहिलं तेव्हा एकाने विचारलं, तुम्ही स्वेच्छेने करता ना?

आप्पा_सातारा:
शुल्क शाळेचं असतं. कलावंताला बिदागी.

निनाद:
बिदागी कीर्तनकार-गवयांना हो, ती कार्यक्रम झाल्यावर यजमानाच्या मर्जीने. आगाऊ बिदागी ऐकलीय का कुणी? आणि या शब्दाचा ‘बिदाई’शी संबंध आहे का, निरोपाच्या वेळी देतात म्हणून, की मी उगाच जोडतोय?