मी थॅलेसेमिया मायनर, नवऱ्याची टेस्ट आत्ताच करावी का?

निळीशाई:
बाळाचा विचार चाललाय म्हणून डॉक्टरांनी कॅरिअर स्क्रीनिंग करायला सांगितलं, तर मला बीटा थॅलेसेमिया मायनर निघालं, म्हणजे रक्ताच्या या आनुवंशिक आजाराची मी नुसती वाहक, एचबी ए२ (हिमोग्लोबिनचा एक प्रकार, वाहकात वाढलेला असतो) ५.१ टक्के. त्रास काहीच नाही, हिमोग्लोबिन जरा कमी असतं एवढंच. नवरा म्हणतो आमच्या घरात कुणालाच असलं काही नाही, मी कशाला टेस्ट करू. दिवस राहिल्यावर केली तर चालेल का? खूप टेन्शन आलंय.

रानवारा:
मायनर म्हणजे तुम्ही आजारी नाही, आधी ते डोक्यातून काढा. पण नवऱ्याची टेस्ट आत्ताच. घरात कुणाला नाही याला अर्थ नाही हो, वाहक माणूस ठणठणीत असतो म्हणून तर पिढ्यानपिढ्या कळत नाही. दोघंही वाहक असाल तर बाळाला मेजर, म्हणजे गंभीर प्रकार, व्हायची शक्यता २५ टक्के आणि ती दर गरोदरपणात नव्याने, पहिलं मूल चांगलं झालं म्हणजे पुढचं सुटलं असं नाही. मेजर म्हणजे दर २ ते ४ आठवड्यांनी रक्त चढवणं. नुसत्या सीबीसीवर (रक्तपेशींची साधी मोजणी) थांबू नका, एचपीएलसी करा, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी रक्ततपासणी, त्यात सिकल आणि एचबी ई हे हिमोग्लोबिनचे दोषही दिसतात, तुमच्या बीटाबरोबर तेही त्रासाचं ठरू शकतं.

पाऊलवाट:
आम्ही दोघंही वाहक आहोत, आणि हे कळलं मला दिवस गेल्यावर. गर्भाची सीव्हीएस, म्हणजे वारेचा छोटा नमुना घेऊन तपासणी, १० आठवड्यांनंतर होते, पण त्याआधी आईवडील दोघांचं नेमकं म्युटेशन (जनुकातला बदल) माहीत लागतं, आमची सगळी धावपळ त्यातच झाली. रिपोर्ट येईपर्यंत घरात कुणी बाळाचं नावच काढेना, नवरा फोन हातात धरून झोपायचा. बाळ मायनर निघालं, आता मस्त आहे. पुढच्या वेळी पीजीटी-एम करायचं म्हणतोय, म्हणजे आयव्हीएफने गर्भ तयार करून पेशी तपासायच्या आणि मेजर नसलेलाच गर्भाशयात सोडायचा. काही जोडपी दत्तक घेतात, काही तपासणीच नको म्हणतात, ते ज्याचं त्याने ठरवायचं. पण आधी कळलं की शांतपणे ठरवता तरी येतं. जेनेटिक काउन्सेलरकडे दोघं मिळून जा, एकटी जाऊ नकोस.

निळीशाई:
थँक्यू दोघांना, नवऱ्याला हे सगळं वाचायला दिलं. आता विचारतोय उपाशी पोटी जायचं का 🙂

रानवारा:
गरज नाही, कधीही जा. फक्त गेल्या तीनचार महिन्यांत रक्त चढवलं असेल तर लॅबला आधी सांगा, नाहीतर रिपोर्ट चुकतो.