इंज्युरीमुळं खरंच सीझन जातो का, का नुसतं कारण सांगायला बरं?

विश्रामबागचा_गनर

नमस्कार मंडळी, सांगलीतनं लिहितोय. परवा रात्री चहाच्या गाड्यावर वाद झाला तो अजून डोक्यातनं जाईना म्हणून इथं टाकतोय. मी आर्सेनलचा, आमच्यातला एकजण मँचेस्टर सिटीचा (कधीपासनं सिटीचा ते विचारू नका). मी म्हटलं २०२२-२३ ला आमचा डिफेंडर सालिबा जखमी झाला नसता तर प्रीमियर लीगचं टायटल आमचंच होतं. अरे २४८ दिवस टेबलात टॉपला होतो! १६ मार्चला स्पोर्टिंगबरोबर युरोपा लीगची मॅच, त्यात सालिबाची पाठ गेली, तोमियासूपण त्याच मॅचमध्ये गेला, मग लिव्हरपूल २-२, वेस्ट हॅम २-२, दोन्हीकडं आम्ही २-० पुढं होतो बरं का, मग साउदॅम्प्टन ३-३ आणि शेवटी सिटीकडनं ४-१ खाल्ले. सिटी ८९, आम्ही ८४.

तो म्हणतो हे सगळं रडगाणं, इंज्युऱ्या कुणाला होत नाहीत, ज्याचा बेंच भारी त्यानं कप न्यायचा, विषय संपला.

मला खरंच विचारायचंय की एका प्लेअरनं एवढा फरक पडतो का? आणि पडतो तर मग काही टीम कशा काय तरतात? मी सध्या घरीच बसून आहे, टर्फवर खेळताना मांडीच्या मागची शीर ओढली गेलीय दहा दिवसापूर्वी, त्यामुळं वेळच वेळ आहे, मोठं लिहिलं तरी वाचीन.

अजिंक्यतारा_कट्टा

साताऱ्यातनं एक विरोधी मत. भावा तू सालिबा गेल्यानंतरच्या पहिल्या दोन मॅच गाळल्यास की सोयीनं. पॅलेसला ४-१ हरवलं, लीड्सला ४-१ हरवलं. सालिबा कुठं होता त्यात? त्याच्या जागी होल्डिंग होता. आणि वेस्ट हॅमला २-१ असताना साकानं पेनल्टी बाहेर मारली ती सालिबाच्या पाठीमुळं का? साउदॅम्प्टनबरोबर पहिल्याच मिनिटात आपल्या गोलकीपर रॅम्सडेलनं पास प्रतिस्पर्ध्याच्या पायात दिला आणि गोल खाल्ला, साउदॅम्प्टन तेव्हा टेबलात तळाला होते. याला टेन्शन म्हणतात, इंज्युरी नाही.

आणि दुसरं उदाहरण घे, रियाल माद्रिद २०२३-२४. सीझन चालू व्हायच्या तोंडावर कुर्त्वाचं गुडघ्याचं लिगामेंट गेलं, पहिल्याच लीग मॅचला मिलिताओचं गेलं, डिसेंबरात अलाबाचं. एक गोलकीपर आणि दोन सेंटर बॅक (मधले डिफेंडर), तिघांचे गुडघे. तरी ला लिगा पण जिंकले आणि चॅम्पियन्स लीग पण. लुनिन नावाचा राखीव गोलकीपर नाद खुळा खेळला, चुआमेनी मिडफिल्डमधनं मागं येऊन डिफेन्सला उभा राहिला. कोण रडलं का तिथं?

गळीत_फिटर

मी साखर कारखान्यात फिटर आहे, आमच्याकडं सीझन म्हणजे गळीत, फुटबॉल नंतर 😄 पण खरं सांगतो यातनंच मला हे कळलं. सेंट्रिफ्यूगल मशीनं ओळीनं असतात, त्यातलं एक बंद पडलं तर बाकीच्यांवर लोड टाकून शिफ्ट काढता येते. पण केन कॅरिअरची चेन तुटली की सगळा कारखाना गप्प, बाहेर ट्रॅक्टरची रांग लागते आणि साहेबाचा फोन येतो. त्यामुळं किती मशीनं बंद आहेत याला अर्थ नाही, कुठलं बंद आहे ते बघायचं. आणि त्यातली मोठी चूक म्हणजे एका मशीनचा पार्ट काढून दुसऱ्याला लावायचा. त्या दिवसापुरतं चालतं पण आता दोन मशीनं अर्धी झाली.

लिव्हरपूल २०२०-२१ मध्ये एक्झॅक्ट हेच झालं. आदल्या सीझनला ९९ पॉइंट घेऊन चॅम्पियन. ऑक्टोबरमध्ये एव्हर्टनबरोबर व्हॅन डाइकचा गुडघा गेला, नोव्हेंबरात गोमेझ इंग्लंडच्या कॅम्पमध्ये गेला, जानेवारीत मातिप. आता कोच क्लॉपनं काय केलं तर फाबिन्योला मिडफिल्डमधनं काढून मागं लावला, तो दुखावला तर हेंडरसनला मागं लावला, तो पण दुखावला. म्हणजे भोक पडलं होतं डिफेन्सला आणि त्यात मिडफिल्ड घालून बसले. घरच्या मैदानावर लीगमध्ये ६८ मॅच न हरलेली टीम, जानेवारीत बर्नलीकडनं हरली आणि ती धरून लीगमध्ये ओळीनं सहा मॅच घरात हरली, क्लबच्या इतिहासात असं कधी झालं नव्हतं.

आता मजा बघा. सुटका कशी झाली तर फाबिन्योला परत त्याच्या जागेवर नेला आणि मागं नॅट फिलिप्स, रीस विल्यम्स असली बिननावाची पोरं उभी केली. शेवटच्या १० मॅचमध्ये ८ जिंकल्या, २ ड्रॉ, तिसरा नंबर. त्यातली एक मॅच तर गोलकीपर अ‍ॅलिसननं ९५ व्या मिनिटाला हेडर मारून जिंकून दिली, मी घरात एवढ्यानं ओरडलो की आई उठून बाहेर आली. व्हॅन डाइक काय तोवर परत आला नव्हता. म्हणून माझं मत, कमी दर्जाचा पण त्याच जागेचा माणूस लावा, भारी माणूस भलत्या जागी लावू नका.

अजिंक्यतारा_कट्टा

@गळीत_फिटर मग चुआमेनीचं काय? तो पण मिडफिल्डरच होता की.

गळीत_फिटर

रियालच्या मिडफिल्डमध्ये कामाविंगा, वाल्वेर्दे, क्रूस, मॉड्रिच होते मर्दा, तिथं स्पेअर पार्टचं गोडाऊन आहे.

मिरजेची_फिजिओ

मिरजेत फिजिओथेरपी करते, पेशंटमध्ये कबड्डी आणि कुस्तीवाले जास्त, फुटबॉलवाले कमी, पण पाय सगळ्यांचे सारखेच. वरच्या सगळ्या पोस्ट वाचल्या आणि एक गोष्ट कुणी बोललंच नाही, ती म्हणजे इंज्युरीचं बिल उशिरा येतं.

सालिबा गेल्यावर दोन मॅच ४-१ झाल्या ना? सिटीचा मिडफिल्डर रोद्रीचं बघा, सप्टेंबर २०२४ मध्ये आर्सेनलबरोबरच गुडघा गेला. त्यानंतरचा पूर्ण ऑक्टोबर सिटी लीगमध्ये एक मॅच हरली नाही. लोक म्हणायला लागले काही फरक पडला नाही, आणि ऑक्टोबरच्या शेवटापासनं नोव्हेंबरात एकदम कोसळले, सगळ्या स्पर्धा धरून ओळीनं पाच मॅच हरले, त्यात टॉटनमकडनं घरात ४-० पण आलं. ओळीनं चार टायटल जिंकलेली टीम ७१ पॉइंटवर तिसरी. गनर, हे तुमच्या सिटीवाल्या मित्राला विचारा, तेव्हा ते काय म्हणत होते 😊

असं का होतं? दोनतीन आठवडे बाकीचे जोशात दुप्पट पळून भोक झाकतात. पण दर तीन दिवसाला मॅच असेल तर ते पळणं अंगात साठत जातं. ज्याला विश्रांती द्यायची त्याला पण खेळवावं लागतं, मग त्याची हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचा स्नायू) जाते, मग तिसऱ्याला ओढायचं. हॅमस्ट्रिंग बहुतेक वेळा पूर्ण वेगात पळताना जाते आणि दमलेल्या पायाला धोका जास्त. युरोपातल्या मोठ्या क्लबांचा २००१ पासनं अभ्यास चालू आहे, त्यात २५ जणांच्या टीमला एका सीझनमध्ये साधारण १५ स्नायूंच्या दुखापती धरूनच चालायच्या असं निघालंय. म्हणजे इंज्युरी होणारच, ते नशीब नाही. एकाच जागेचे दोघं एकदम गेले किंवा चुकीच्या महिन्यात गेले, त्यात मात्र नशीब आहे.

आणि रियालचं म्हणाल तर त्यांचं पण बिल आलं, एक वर्ष उशिरा. २०२४-२५ ला ऑक्टोबरात कार्वाहालचा गुडघा गेला, नोव्हेंबरात त्याच मिलिताओचा दुसरा गुडघा. त्या सीझनला बार्सिलोनाबरोबर चार मॅच झाल्या आणि चारी हरले. चॅम्पियन्स लीगमधनं आर्सेनलनंच बाहेर काढलं, ते तरी गनर विसरले नसतील.

पिवळा_हत्ती

कराडचा आहे पण आयएसएलमधल्या केरळा ब्लास्टर्सचा फॅन, कसा झालो विचारू नका, हॉस्टेलला रूममेट केरळचा होता. फिजिओ मॅडम म्हणतात ते शंभर टक्के. २०२३-२४ ला डिसेंबरात आमचा मिडफिल्डर लूना गुडघ्यानं गेला. त्यानंतर पंजाब, मुंबई, मोहन बागान असे ओळीनं तीन जिंकलो, आशियाई कपच्या सुट्टीला १२ मॅचमध्ये २६ पॉइंट घेऊन टॉपला. मी स्टेटसला शिल्ड (लीगमध्ये पहिला येणाऱ्याला मिळते ती) ठेवून दिली होती. सुट्टीत आमचा फॉरवर्ड पेप्रापण दुखावला आणि पुढच्या १० मॅचमध्ये फक्त ७ पॉइंट. पाचवे. प्लेऑफला ओडिशाकडनं हरून घरी. दियामांताकोसनं १३ गोल मारले, गोल्डन बूट मिळाला त्याला, पण त्याला बॉल द्यायला कुणी नको का.

डावा_बॅक_रिटायर्ड

पोरांनो मी प्रोफेशनल वगैरे काही नव्हतो, सांगलीतनं कोल्हापूरला एका तालमीकडनं खेळायला जायचो, शाहू स्टेडियमवर, एसटीनं. २६ व्या वर्षी वळताना गुडघ्यात कट् आवाज आला. लिगामेंट. ऑपरेशन झालं, नऊ महिने थांब म्हणाले. पाचव्या महिन्यात आमच्या टीमचा दुसरा डावा बॅक पडला आणि सेमीफायनल आली. निरोप आला, नुसतं उभा राहा, पळू नकोस. डाव्या बॅकनं न पळता करायचं काय हे मी पण विचारलं नाही आणि त्यांनी पण सांगितलं नाही. ४० व्या मिनिटाला परत गेला. मॅच पण हरलो.

कुणावर राग नाही, मलाच जायचं होतं, हजारो माणूस ओरडत असतं त्या पॅव्हेलियनला, तुम्ही नाही म्हणून दाखवा. पण टीव्हीवर एखादा "लवकर फिट झाला" म्हणून टाळ्या पडतात ना तेव्हा माझा हात आपोआप गुडघ्यावर जातो.

विश्रामबागचा_गनर

काका 🙏 मोठ्या माणसाला काय बोलू. बाकीच्यांना पण धन्यवाद, सिटीवाल्याला रोद्रीची पोस्ट पाठवली, दोन निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही.

फिजिओ मॅडम एक विचारायचं होतं, रविवारी आमची टर्फवर मॅच आहे, चालताना आता अजिबात दुखत नाही. एकच पोरगं कमी पडतंय.

मिरजेची_फिजिओ

चालताना न दुखणं आणि पळताना न दुखणं यात लय अंतर आहे. पूर्ण वेगात पळून बघितलंय का? नसेल तर नाही. आणि आत्ता उठून पळून बघू पण नका, आधी कुणाला तरी पाय दाखवा.

विश्रामबागचा_गनर

मग गोलकीपर उभा राहू का? त्यात पळायचं नसतंय.

मिरजेची_फिजिओ

गोलकिक कोण मारणार?

डावा_बॅक_रिटायर्ड

😂 नुसतं उभा राहा म्हणाले असतील.