‘सेक्युलरायझेशन’: एक शब्द, तीन अर्थ

प्रश्न: १८०३ च्या जर्मनीबद्दलच्या मजकुरात ‘सेक्युलरायझेशन’ला ‘धर्मनिरपेक्षीकरण’ म्हटले तर चालेल का?

प्रतिसाद: तिथे नको, अर्थच बिघडेल. १८०१ च्या ल्युनेव्हिलच्या तहाने ऱ्हाईनचा डावा काठ फ्रान्सला गेला. तिकडचा मुलूख गमावलेल्या जर्मन राजांना भरपाई हवी होती, ती चर्चच्या जमिनीतून निघाली. २५ फेब्रुवारी १८०३ च्या रेगेन्सबुर्गच्या ठरावाने बिशपांची राज्ये या राजांत वाटली गेली, मठांची मालमत्ताही त्यांच्या हवाली झाली. लोक पूर्वीइतकेच श्रद्धाळू राहिले, बदलला तो धनी. यासाठी आपल्याकडे अस्सल शब्द आहे: खालसा. ‘बिशपांची संस्थाने खालसा झाली’ असे लिहा. फक्त ती एका सरकारात जमा न होता अनेक राजांना मिळाली, हे पुढच्याच वाक्यात सांगा.

प्रतिसाद: ‘सेक्युलर’ शब्द आला लॅटिन ‘सेक्युलुम’वरून, म्हणजे मुळात पिढी, युग. फ्रेंचमध्ये शतकाला आजही ‘सिएक्ल’ म्हणतात. चर्चच्या भाषेत त्याला ‘इहलोक’ हा अर्थ आला. मठाचा नियम, म्हणजे ‘रेगुला’, पाळणारा पाद्री रेग्युलर. मठाबाहेर लोकांत राहून काम करणारा सेक्युलर. याचे ‘धर्मनिरपेक्ष पाद्री’ करू नये. मराठी ख्रिस्ती लोकांचा ‘धर्मप्रांतीय धर्मगुरू’ हा शब्द चपखल आहे.

प्रश्न: फ्रेंच ‘लाइसिते’ (राज्यकारभार धर्मापासून अलग ठेवण्याचे तत्त्व) ग्रीक ‘लाओस’, म्हणजे ‘लोक’, यावरून आला आहे. मग ‘लौकिक’ का नको?

प्रतिसाद: मोह होतो खरा, पण ‘लौकिक शाळा’ वाचून नावाजलेली शाळा डोळ्यांपुढे येते. ‘लाइसिते’ तसाच ठेवून एकदा अर्थ द्यावा. ९ डिसेंबर १९०५ च्या फ्रेंच कायद्याचे कलम २ सांगते की प्रजासत्ताक कोणत्याही पंथाला मान्यता, पगार किंवा अनुदान देत नाही. कायद्यात ‘लाइसिते’ हा शब्द मात्र नाही. ‘फ्रान्सभर’ असेही लिहू नका. आल्सास आणि मोझेल हे आजच्या फ्रान्सचे भाग तेव्हा जर्मनीत होते, म्हणून तिथल्या पाद्री आणि रब्बींना आजही सरकारी पगार मिळतो.

प्रश्न: मग ‘इहवाद’ कुठे वापरायचा?

प्रतिसाद: विचारसरणीसाठी. ‘सेक्युलॅरिझम’ हा शब्द १८५१ मध्ये इंग्लंडच्या जॉर्ज होलियोक यांनी रूढ केला, तिथे ‘इहवाद’ अगदी बरोबर. पण २० सप्टेंबर १७९२ च्या कायद्याने फ्रान्समध्ये जन्म, विवाह, मृत्यूच्या नोंदी पाद्रीकडून नगरपालिकेकडे गेल्या, त्याला ‘इहवादीकरण’ म्हणणे चूक. कोणी कसला वाद स्वीकारला नव्हता. मुलाचा बाप्तिस्मा करायला आई-बाप मोकळे होते. ते ‘ऐहिकीकरण’.