मदत हवी आहे: एक्सएमएलमधल्या टॅगांना नावं कशी द्यावीत?

कर्मचाऱ्यांच्या नोंदींची एक्सएमएल (कोनी कंसांतल्या टॅगांनी माहितीला नावं देऊन साठवायची पद्धत) रचना नव्याने बांधायची आहे. जुनी अशी:

<नोंद> <कर्मचाऱ्याचे_नाव/> <फील्ड७/> <फोन१/> <फोन२/> <लाल>करार संपला</लाल> </नोंद>

फील्ड७ म्हणजे पदनाम, हे कुठेच लिहिलेलं नाही. शिवाय ‘कर्मचाऱ्याचे_नाव’ एक्सपाथला (एक्सएमएलमधले टॅग शोधायची भाषा) काही फायलींत सापडतं, काहींत नाही. दिसायला दोन्हीकडे अगदी सारखं.

प्रतिसाद १
आधी न सापडणारा टॅग. गोम ‘ऱ्या’त आहे. तो दोन प्रकारे टंकला जातो: ऱ (युनिकोड संकेतांक यू+०९३१), हलन्त, य, किंवा साधा र, हलन्त, झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं अदृश्य चिन्ह, यू+२००डी), य. पार्सर (एक्सएमएल वाचणारा प्रोग्राम) फक्त संकेतांक जुळवतो, दिसणं नाही. एनएफसी (युनिकोड मजकूर एका प्रमाण रूपात आणण्याची प्रक्रिया) करूनही ही दोन रूपं एक होत नाहीत. त्यात झेडडब्ल्यूजेला नावात परवानगी मिळाली ती एक्सएमएल १.० च्या पाचव्या आवृत्तीत (२००८); त्याआधीचे नियम पाळणारा पार्सर अख्खी फाइलच नाकारेल. पार्स करण्याआधी साध्या मजकुरातच ‘र, हलन्त, झेडडब्ल्यूजे’च्या जागी ‘ऱ, हलन्त’ घाला.

खरं तर इतकं लांब नाव हवंच कशाला? <कर्मचारी>च्या आत नुसतं <नाव> पुरतं.

प्रतिसाद २
<लाल> सर्वांत आधी काढा. उद्या रंग बदलला की नाव खोटं पडतं. <करार_स्थिती> ठेवा, रंग स्टाइलशीटकडे (मजकूर कसा दिसावा ते ठरवणाऱ्या फायलीकडे) सोपवा. फोन१, फोन२ ही जुनी खोड! तिसरा नंबर आला की स्कीमा (कोणते टॅग कसे यावेत याचे नियम) बदला, प्रत्येक क्वेरी बदला. <फोन प्रकार="घर"> हवा तितक्या वेळा येऊ द्या, क्रम दस्तऐवजात आपसूक राहतो. फोनलाच ॲट्रिब्यूट (‘प्रकार’सारखी टॅगाच्या आतच लिहिलेली माहिती) करू नका. एका एलिमेंटवर (टॅगाने बनलेल्या घटकावर) एकच ॲट्रिब्यूट दोनदा येत नाही. नावात जागा सोडता येत नाही, कोलन नेमस्पेससाठी (वेगवेगळ्या ठिकाणची सारखी नावं वेगळी ओळखायची सोय) राखून ठेवा. हायफन चालतो, पण टॅगांवरून कोड तयार केलात तर बऱ्याच भाषांत तो वजाबाकी ठरतो.

प्रश्नकर्ता
<जन्मतारीख_दिवस_महिना_वर्ष> चालेल? म्हणजे क्रम कळेल.

प्रतिसाद १
नको. <जन्मतारीख> एवढंच, प्रकार स्कीमात ‘डेट’. त्यात वर्ष-महिना-दिवस हाच क्रम चालतो. अंक मात्र इंग्रजी (0 ते 9) द्या, देवनागरी अंकांची तारीख तपासणीत नापास होते.