मदत हवी आहे: व्हॅलहाइमनंतर दोघांनी कोणता गेम घ्यावा?

मी खानापुरात, मावसभाऊ निपाणीत. व्हॅलहाइममधले सगळे बॉस मारून झाले. छपरात धुराला वाट ठेवली नाही तर शेकोटीचा धूर घरात कोंडून जीव जातो, असल्या बारकाव्यांवर आम्ही फिदा आहोत. सबनॉटिका एकट्याचा, म्हणून नको. एन्श्राउडेडला किमान 16 जीबी रॅम लागते. माझ्या लॅपटॉपला 8 जीबी रॅम आणि जीटीएक्स 1650 ग्राफिक्स कार्ड.

खरी अडचण वेगळीच. पावसाळ्यात इकडे लाइट कधीही जाते, नेटही जातं, आणि होस्ट मीच असल्यामुळे (खेळाचं जग माझ्याच लॅपटॉपवर चालतं) भावाचाही खेळ बंद पडतो. सर्व्हर भाड्याने घेणं परवडत नाही. ग्राउंडेड या गेममध्ये शेअर्ड वर्ल्ड आहे, त्यात दोघांपैकी कुणीही होस्ट होऊ शकतो. पण बेस (खेळात बांधलेलं घर) मोठा झाल्यावर हा गेम 8 जीबीवर अडखळतो का?