पंखा फिरतोय पण स्क्रीन काळी? आधी रॅम पुसा

कॉम्प्युटरचा पंखा फिरतो, लाइट लागते, पण मॉनिटरवर 'नो सिग्नल', आणि दुकानदार थेट मदरबोर्ड (आतला मुख्य बोर्ड) बदला म्हणतो, असं तुम्ही लिहिलंय. जरा थांबा. केबल बदलून पाहिलीच असेल, तर आता रॅम, म्हणजे बोर्डावर उभी खोचलेली मेमरीची पट्टी, बघा.

आम्ही सांगलीत गावभागात राहतो. २०१९ च्या पुरात सीपीयूचा डबा माळ्यावर टाकला होता. पाणी लागलं नाही, पण नंतर लावला तर हेच दुखणं. प्लग काढला, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरलं, रॅम उपसली. सोनेरी पट्टी पार काळवंडलेली. पोरीच्या कंपासमधलं खोडरबर घेतलं आणि दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने घासलं. चुरा फुंकायचा नाही हं, थुंकी उडते. कोरड्या ब्रशने झाडायचा. परत बसवताना दोन्हीकडचे क्लिप 'टक' वाजेपर्यंत रॅम दाबा, आपण भीतभीत दाबतो आणि ती अर्धवट बसते. दोन रॅम असतील तर एकेक लावून, स्लॉट (खाच) बदलून बघा.

तरीही काळंच? रॅम पूर्ण काढून चालू करा. बीप वाजली तर बोर्ड बहुतेक जिवंत आहे. नाही वाजली तर लगेच रडू नका, कित्येक कॅबिनेटमध्ये स्पीकरच नसतो.

वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची केबल त्यालाच लावलीय ना? बोर्डावरचा नाण्यासारखा सीआर २०३२ सेलही बदला, स्वस्त असतो. बोर्डावरचे कपॅसिटर (छोट्या डब्यांसारखे उभे भाग) फुगलेले दिसले, तर मात्र दुकानदार बरोबर असू शकतो.